‘तारीख’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि वसईच्या पाडावाचा दिवस

मराठीत कालगणनेशी संबंधित अनेक शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून सर्रास वापरले जातात. ‘तारीख’, ‘तिथी’, ‘मिती’ आणि ‘दिनांक’ हे त्यांपैकी प्रमुख होत. व्यवहारात या शिथिलतेने फारसे बिघडत नाही. मात्र ऐतिहासिक साधने वाचताना या शब्दांमागील कालगणना वेगवेगळ्या आहेत याचा विसर पडल्यास अनर्थ ओढवतो. ‘तारीख’ या शब्दाची अर्थव्याप्ती व त्याचा उगम यांचा विचार करून, १७३९च्या वसईच्या पाडावाच्या संदर्भात त्या विचाराचे महत्त्व स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचा उगम

‘तारीख’ हा शब्द मूळ अरबी असून तो फारसीच्या द्वारे मराठीत व हिंदीत आला. अरबीत त्याचे दोन अर्थ आहेत : कालनिर्देश आणि इतिहास. फारसी इतिहासग्रंथांच्या नावांत येणारा ‘तारीख’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाचा आहे. त्याचेच अनेकवचन ‘तवारीख’ हे होय. मराठीने मात्र ही जोडी विभागून घेतली. दिवस दाखविण्यासाठी ‘तारीख’ राहिला, तर इतिहासवृत्तान्तासाठी ‘तवारीख’ वापरला गेला.

इंग्रजीतील ‘डेट’ या शब्दाची वाट निराळी आहे. लॅटिन पत्रांच्या अखेरीस ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ अशा अर्थाचे वाक्य असे. त्यातील ‘दिलेले’ या अर्थाच्या ‘दाता’ या शब्दापासून ‘डेट’ निघाला. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पत्र आहे, तर अरबी शब्दाच्या मुळाशी कालगणना.

मराठीने ‘तारीख’ किती आत्मसात केला हे त्याच्या रूपांवरून दिसते. ‘मुलूख–मुलखात’ याप्रमाणेच ‘तारीख–तारखेला’ असे सामान्यरूप होते व मधला दीर्घ स्वर लोप पावतो. ‘तारीख पडणे’, ‘तारीख लागणे’ हे कचेरीतील वाक्प्रयोगही घरगुती झाले. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून पुढे आलेला ‘दिनांक’ हा शब्द शासकीय पत्रव्यवहारात स्थिरावला, परंतु बोलीतून ‘तारीख’ हटला नाही.

२. ‘तिथी’ आणि ‘तारीख’

हिंदीच्या शासकीय भाषेत ‘जन्मतिथि’, ‘अंतिम तिथि’ असे प्रयोग रूढ आहेत. तेथे ‘तिथि’ म्हणजे सरळ इंग्रजी दिवसक्रम. मराठीत मात्र ‘तिथी’चा चंद्राशी असलेला संबंध अद्याप तुटलेला नाही. चंद्र व सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. म्हणूनच तिथीचा क्षय अथवा वृद्धी होते. तारखेची तशी होत नाही.

वसई परिसरात हा भेद आजही जिवंत आहे. निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला, म्हणजे तिथीने सुरू होते. नाताळ २५ डिसेंबरला, म्हणजे तारखेने येतो. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला. मुस्लिम सण चंद्रदर्शनावर ठरतात. एकाच तालुक्यात तीन गणना शेजारी नांदतात.

३. वसईचा पाडाव : एक घटना, अनेक दिवस

चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला टिकेनासा झाला आणि पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला. हा दिवस मराठी इतिहासग्रंथांत पुष्कळदा ५ मे १७३९ असा आढळतो. पोर्तुगीज कागदांनुसार तो १६ मे १७३९ आहे. किल्ल्याचा ताबा मिळाल्याचा दिवसही तसाच १२ मे आणि २३ मे असा दुहेरी सापडतो.

यांत कोणाचीही चूक नाही. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर ते ज्युलियन गणनेने चालत. अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे वसईहून निघालेले पोर्तुगीज पत्र खाडीपलीकडे इंग्रजांच्या मुंबईत पोचले, की कागदावरचा दिवस अकराने मागे पडे. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई. परिणामी जानेवारी ते मार्च या काळातील नोंदींत वर्षाचाही घोळ संभवतो.

दोन्ही जोड्या आपापल्या गणनेत ठेवल्यास करार व ताबा यांत सात दिवसांचेच अंतर राहते. परंतु एका ग्रंथातून ५ मे व दुसऱ्यातून २३ मे उचलल्यास ते अठरा दिवसांचे होते. शरणागतीनंतर पोर्तुगीज किल्ल्यात अडून बसले होते, असा निराधार निष्कर्ष त्यातून सहज निघू शकेल.

४. मराठी पत्रांतील कालनिर्देश

मराठी कागदांत गुंता आणखी वाढतो. शकगणनेने ही घटना शके १६६१, सिद्धार्थीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पक्षातील आहे. दरबारी पत्रांत मात्र महिना हिजरी आणि वर्ष सुहूर सनाचे असते. महिन्याच्या दिवसापूर्वी येणारे ‘छ’ हे अक्षर ‘चंद्र’ शब्दाचा संक्षेप मानले जाते. सुहूर सन सौर असून तो मृग नक्षत्रापासून बदलतो, म्हणून त्यास ‘मृगसाल’ही म्हणतात. त्यात ५९९ अथवा मृगापूर्वी ६०० मिळविल्यास इसवी सन येतो.

वसई पडली तेव्हा सफर महिना होता आणि सुहूर सन ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९ होता. मृगाला थोडे दिवस उरले होते. अभ्यासकाने हा ११३९ हिजरी समजून वाचल्यास तो १७२६–२७ मध्ये जाऊन पोचेल. प्रत्यक्षात त्या वेळी हिजरी सन ११५२ चालू होता. महिना सफर दोन्हीकडे तोच असल्याने चूक लक्षात येण्याची शक्यताही कमी.

तात्पर्य, साधनातील तारीख ही केवळ संख्या नसते. ती लिहिणाराची गणना, राजसत्ता व लेखनपरंपरा सांगते. म्हणून उद्धृत करताना मूळ कालनिर्देश जसाच्या तसा देऊन, रूपांतर कोणत्या गणनेत केले हे शेजारी नोंदविणे आवश्यक ठरते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाबाबत जुन्या व नव्या गणनेचा असा प्रश्न उद्भवत नाही, कारण तोवर इंग्रजांनीही ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. त्याच वसईच्या १७३९ च्या पाडावाविषयी लिहिताना मात्र तारखेबरोबर तिची गणना सांगितल्याखेरीज विधान पूर्ण होत नाही.