ऊस पिवळा पडला म्हणून लगेच युरिया नको



श्रावणातली झड उघडली की गट ऑफिसात एकच तक्रार येते, "साहेब, ऊस पिवळा पडलाय, युरिया टाकू का?" जरा थांबा. आधी सरीत शिरून खालचं पान हातात घ्या.

नत्र कमी पडलं तर खालची पानं सरसकट पिवळी होतात, ठिपका नसतो. लांबट-गोल तपकिरी ठिपका व त्याभोवती पिवळी कडा दिसली, तर तो तपकिरी ठिपके हा बुरशीचा रोग समजावा. पानाच्या खालून बोट फिरवून नारिंगी भुकटी लागली, तर तांबेरा.

अशा उसाला जादा नत्र दिलं की रोग आणखी बळावतो. मागं एका सभासदानं एकरी दोन पोती युरिया टाकला. आम्ही पोचलो तेव्हा शेंड्याची पानं तेवढी हिरवी उरली होती. चूक आमचीही, फेरी उशिरा झाली.

दोन्ही रोगांवर १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब व थोडं स्टिकर मिसळून उघडीप बघून फवारावं, १०-१५ दिवसांनी पुन्हा. फवारताना तोंडाला फडकं बांधावं. रोगट पानं काढावीत, साचलेलं पाणी चरीनं बाहेर काढावं. ओळख पटली नाही, तर पान तोडून चिटबॉयकडे द्या. आम्ही बघून कळवू.