उभ्या शिळेचे वय कसे ठरवावे?

रानात किंवा शेताच्या बांधावर एखादी उंच शिळा उभी दिसली, की ती कोणी व केव्हा रोवली, असा प्रश्न मुलांच्या मनात सहज येतो. ‘फार पुरातन आहे’ असे सांगून त्यांचे समाधान करणे सोपे असते. परंतु ते उत्तर खरे असेलच असे नाही. लेखी पुरावा उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळास प्रागैतिहासिक काळ म्हणतात. शिळा त्या काळची आहे काय, हे इतर खुणांवरूनच ठरवावे लागते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. दगडाचे वय निराळे आणि तो उभारल्याचा काळ निराळा. दख्खनचा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे. त्याची शिळा मात्र कालही रोवलेली असू शकेल. माळावरचा झिजलेला धोंडा उचलून उभा केला, तर तो पहिल्या दिवसापासूनच जुना दिसतो. म्हणून केवळ झीज पाहून निर्णय करू नये.

यानंतर शिळेवरील खुणा पाहाव्यात. युद्धाचे प्रसंग कोरलेला वीरगळ, बांगड्या ल्यालेला हात दाखविणारी सतीशिळा, गाढवाची आकृती असलेला गधेगाळ, ही सर्व ऐतिहासिक काळातील आहेत. कोरीव काम नसलेली शिळाही प्राचीन असतेच असे नाही. गडचिरोलीकडील माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा आहे. शेतांच्या हद्दीही दगड रोवून दाखविल्या जातात.

मग खरा पुरावा कोठे असतो? तो बहुधा शिळेच्या पायाशी, मातीत असतो. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठ्या धोंड्यांची अनेक वर्तुळे आहेत. त्यांविषयीचे वृत्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केले. पुढे त्याच जिल्ह्यात टाकळघाट व खापा येथे डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. खापा येथील शिलावर्तुळांत व टाकळघाटच्या वसतिस्थानात एकाच प्रकारची भांडी निघाली. ती आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी आहेत. लोखंडाच्या वस्तूही मिळाल्या. वसतिस्थानातील कोळशाच्या कार्बन-१४ परीक्षेवरून हा काळ सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा ठरला. अशा रीतीने अनेक पुरावे एकमेकांशी जुळले, तेव्हा वर्तुळांचे प्राचीनत्व सिद्ध झाले.

या पुराव्याचे महत्त्व ओळखूनच शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. कुतूहलापोटी शिळेभोवती खणू नये व मुलांना खणू देऊ नये. माती एकदा विस्कटली, की कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे पुन्हा कळत नाही. शिळा जागेवर राहते, पण तिचा साक्षीदार नाहीसा होतो. शेत सपाट करताना किंवा खडीसाठी धोंडे हलविले गेले, तरी हीच हानी होते. मुलांनी शिळेची उंची मोजावी, चित्र काढावे, जागा टिपून ठेवावी, गावातील वृद्धांकडून माहिती घ्यावी. नवे स्थळ आढळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे.

अभ्यास :
१. झिजलेली शिळा प्राचीनच असते काय? कारण सांगा.
२. टाकळघाट व खापा येथील भांडी सारखी निघाल्याने काय समजले?
३. आपल्या गावातील एका उभ्या दगडाची माहिती लिहा. पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे मांडा.