कवटीच्या आतील चित्र

मेंदू हा शरीराचा राजा होय. निसर्गाने त्याला कवटीच्या भक्कम किल्ल्यात ठेवले आहे. परंतु हाच किल्ला कधीकधी त्याला घातक ठरतो. मेंदूतील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, म्हणजे बाहेर आलेल्या रक्ताला पसरावयास जागा मिळत नाही. रक्ताची गाठ वाढू लागते; कवटी तसूभरही सरकत नाही; आणि मधला मऊ मेंदू दबला जातो. अशा वेळी आत किती रक्त साठले आहे, हे कवटी न उघडता कसे कळावे?

१८९५ साली राँटजेन या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यामुळे हाडांची छायाचित्रे मिळू लागली. परंतु कवटीच्या दाट छायेत मऊ मेंदू व त्यात साठलेले रक्त वेगवेगळे दिसत नसत.

ही अडचण इंग्लंडमधील गॉडफ्री हाउन्सफील्ड या अभियंत्याने दूर केली. एखाद्या बंद पेटीतून अनेक दिशांनी किरण सोडले व प्रत्येक दिशेने किती किरण पार झाले ते मोजले, तर पेटीत काय आहे याचे गणित मांडता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. हे प्रचंड गणित संगणकाने करावयाचे होते. पहिल्या प्रयोगात नुसती मोजमापे घेण्यास ९ दिवस लागले! तथापि त्यांनी चिकाटी सोडली नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले आणि तिच्या मेंदूतील गाठ स्पष्ट दिसली. हेच पहिले सी. टी. स्कॅन. १९७९ साली हाउन्सफील्ड व या गणिताचा स्वतंत्रपणे विचार करणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या चित्रात गोठलेले ताजे रक्त मेंदूपेक्षा अधिक किरण अडविते. म्हणून ते करड्या मेंदूत पांढरे दिसते. त्याचे माप काढण्याची रीतही सोपी आहे. गाठीची लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्याची निमपट करावी. गाठ ५ सेंटिमीटर लांब, ४ रुंद व ३ उंच असेल, तर तिच्यात सुमारे ३० घन सेंटिमीटर रक्त असते.

२००१ साली कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी १५२ रुग्णांच्या नोंदी तपासून गुण देण्याची एक पद्धत ठरविली. रुग्णाची शुद्ध किती हरपली आहे, त्याचे वय ८० वर्षे वा अधिक आहे काय, रक्त ३० घन सेंटिमीटर वा अधिक आहे काय, ते मेंदूतील पोकळ्यांत शिरले आहे काय, आणि रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात झाला आहे काय, या पाच गोष्टी तीत पाहतात. शेवटच्या तीन गोष्टी सी. टी. स्कॅनच सांगते. त्या रुग्णांपैकी ज्यांना शून्य गुण होते, त्यांतील एकही ३० दिवसांत दगावला नाही. ज्यांना ३ गुण होते, त्यांतील शेकडा ७२ दगावले.

तर मग गुण मोजताच रोग्याचे भवितव्य ठरले काय? मुळीच नाही. शेकडा ७२ दगावले याचा अर्थ शेकडा २८ जगले. समोरचा रोगी त्या २८ पैकी आहे की नाही, हे आकडा सांगू शकत नाही. शिवाय यात एक मोठा धोका आहे. आकडा पाहून डॉक्टरांनी उपचारच थांबविले, तर रोगी दगावेल आणि चुकीचा आकडाही खरा ठरल्यासारखा वाटेल! म्हणून केवळ अशा गुणांवरून सुरुवातीसच आशा सोडू नये, असे तज्ज्ञ बजावतात.

यंत्राने अंधारात दिवा लावला. त्या उजेडात कोणते पाऊल टाकावयाचे, हे मात्र माणसाच्या विवेकानेच ठरवावे लागते.

स्वाध्याय

१. कवटी मेंदूला घातक केव्हा ठरते?
२. हाउन्सफील्ड यांना सुचलेली कल्पना आपल्या शब्दांत सांगा.
३. रक्ताची गाठ ६ सेंटिमीटर लांब, ५ रुंद व ४ उंच आहे. तिच्यात सुमारे किती रक्त असेल?
४. 'आकडा म्हणजे निकाल नव्हे', हे पाठाच्या आधारे पटवून द्या.
५. वाक्यांत उपयोग करा : तसूभरही न सरकणे, मनाने घेणे, चिकाटी न सोडणे.