खुरासणीचे बी आणि मधमाशी

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत भात, नागली व वरई ही मुख्य पिके होत. या तिन्ही पिकांना दाणा भरण्यासाठी कीटकांवर अवलंबून राहावे लागत नाही. त्यामुळे मधमाशीचा संबंध मधापुरताच आहे, असा समज सहज होतो. खुरासणीच्या शेतात मात्र तो टिकत नाही.

वरकस जमिनीवरील हे तेलबियांचे पीक आश्विन-कार्तिकात पिवळ्या फुलांनी भरून जाते. खुरासणीला स्वतःच्याच परागाने बहुधा बी धरत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोचावा लागतो आणि हे काम मुख्यत्वे मधमाश्या करतात. त्या कमी आल्या, तर फुलोरा कितीही डोळ्यांत भरला तरी बी पोचट राहते. घरच्या तेलाची ही तूट खताने भरून निघत नाही. परसातील काकडी, दोडका व दुधी यांची नर-मादी फुले वेगळी असल्याने त्यांचीही गत तीच.

आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे बांधते; ती पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते व पेटीतही पाळता येते. वठलेले झाड सरपणासाठी तोडले की तिचे घरच जाते. मधासाठी पोळ्याखाली पेटता टेंभा धरल्यास अंडी, अळ्या आणि कामकरी माश्या एकदमच होरपळतात. वास्तविक मध पोळ्याच्या एका भागात आणि अळ्या दुसऱ्या भागात असतात. धुराने माश्या बाजूस सारून केवळ मधाचा भाग कापला, तर वसाहत जगू शकते. शेजारच्या भाजीपाल्यावर औषध फवारणे भागच असेल, तर ते माश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे.

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद 1996 च्या पेसा कायद्यात आहे. 2006 च्या वन हक्क कायद्याने मध व मेण यांची गणना गौण वनोपजातच केली आहे. तेव्हा टेंभ्यास मनाई करणे, काही पोळी राखून ठेवणे व ढोलीची झाडे न तोडणे, हे ठराव बाहेरच्या आदेशाची वाट न पाहता ग्रामसभेतच व्हावयास हवेत.

शिक्षकांना याचा पडताळा शाळेच्या आवारातच दाखविता येईल. आश्विनात, फुले उमलण्यापूर्वी, खुरासणीचे एक रोप पातळ कापडाने झाकावे आणि बी पक्व झाल्यावर ते शेजारच्या उघड्या रोपाच्या बियांशी मुलांकडून मोजून घ्यावे.