डॅनिश नात्यातली, मग मदुरी ओळखीची का वाटते?

प्रश्न : माझा भाचा कोपनहेगनला नोकरी करतो. त्याच्यासोबत इंडोनेशियातल्या मदुरा बेटावरचा एक मुलगा कामाला आहे. भाचा म्हणतो, डॅनिश अजून कानात शिरत नाही. पण तो मुलगा घरी फोनवर बोलायला लागला, की आपल्याकडचंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं. या दोन भाषांपैकी मराठीला जवळची कोणती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याचा कान तयार आहे, पण वंशावळ उलट सांगते. डॅनिश ही मराठीची लांबची का होईना, नातेवाईक. दोघी इंडो-युरोपीय कुळातल्या. मदुरीचं कूळ ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मादागास्करपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पसरलेलं. तिच्याशी मराठीचं रक्ताचं नातं नाही.

डॅनिशमध्ये 'नाव'ला नाउन म्हणतात, 'नवा'ला न्यू, 'दात'ला टॅन. ही यादी वाढवता येईल, पण खरी गंमत आकड्यांत आहे. आपलं 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलं : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. 'औट घटकेचं राज्य' यातला औट म्हणजे साडेतीन, चौथा अर्धा. जुन्या डॅनिशची घडण हुबेहूब हीच, आणि तिथे मोजणी विसाविसांनी. त्यामुळे 50 ला डॅनिश माणूस 'अर्धा तिसरा' विसा म्हणतो, म्हणजे अडीच विसा. 70 म्हणजे औट विसा, 90 म्हणजे साडेचार विसा. आता 92 कसे म्हणायचे? 'दोन आणि अर्धा पाचवा', बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. शेजारचे स्वीडिश लोक यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करतात. 2019 मध्ये आपल्याकडे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! डॅनिश पोरं मात्र 'अर्धा पाचवा' निमूटपणे घोकतात.

भाषांचं असं नातं शास्त्रीय रीतीनं मांडणाऱ्या पहिल्या फळीतला एक माणूस डॅनिशच होता, रास्मुस रास्क. 1820 मध्ये तो मुंबईत पोहोचला, पारशी मंडळींकडून अवेस्ताच्या जुन्या पोथ्या मिळवल्या आणि त्या कोपनहेगनला नेल्या. भाच्याला सवड असेल तर तिथल्या राजग्रंथालयात जरूर चौकशी करावी.

मग मदुरी ओळखीची का वाटते? पहिलं कारण उच्चार. त आणि ट, द आणि ड हे भेद मदुरीत आपल्यासारखेच आहेत. डॅनिश माणसाला हा फरक ऐकूही येत नाही. शिवाय मदुरीत महाप्राण आहेत, आणि इंडोनेशियातल्या भाषांत ही चैन फार कमी जणींकडे आहे. आपल्याकडे प, फ, ब, भ अशी चौकडी. त्यांच्याकडे तिघं, आणि तिसऱ्याचा 'भ' नुसता लिहिण्यापुरता. उच्चार प-ला हकार जोडल्यासारखा, ओठ मिटून म्हटलेल्या जुन्या वळणाच्या 'फ'सारखा. भाषा, भूमी, गुरू हे शब्द संस्कृतातून तिकडे गेले, पण त्यांचा 'गुरू' आपल्या कानाला 'खुरू' वाटेल. त्यात आणखी एक खोच आहे. आधीचं व्यंजन कोणतं, त्यावर पुढच्या स्वराची उंची ठरते. 'प'नंतरचा अ मोकळा, 'ब'नंतरचा तोच अ वर चढतो आणि दबतो. हा नियम सवयीनंच अंगवळणी पडतो. पाठ करून काही होत नाही.

दुसरं कारण अदब. मदुरीत बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची नावं त्या-त्या पायरीवरच्या 'नाही-हो' किंवा 'हो-नाही' या शब्दांवरूनच पडली आहेत. बरोबरीच्यांशी बोलायची 'एन्जा-इया', सगळ्यात वरची 'एंगी-भुन्तेन', मधली 'एंगी-एन्तेन'. आपण तू, तुम्ही, आपण यावर भागवतो; तिथे मी, तू, जेवणं, झोपणं यांचे शब्दच बदलतात. फोनवर आई आली की त्या मुलाचा सूर आणि शब्द दोन्ही पालटत असणार, आणि भाच्याला घरच्यासारखं वाटतं ते बहुधा तिथेच. डॅनिश याच्या थेट दुसऱ्या टोकाला. आदरार्थी सर्वनाम आहे, पण 1970 च्या दशकापासून ते मागे पडत गेलं आणि आज राजघराण्यापुरतं उरल्यासारखं आहे. मास्तर, डॉक्टर, पंतप्रधान, सगळ्यांना अरे-तुरे.

डॅनिश कानात न शिरण्याचा दोष भाच्याचा नाही. ती भाषा अर्धे वर्ण गिळून बोलली जाते. 'ती' आणि 'कुत्रा' या दोन शब्दांत फरक काय, तर एकात घशात किंचित अडखळायचं. या अडखळीला ते स्टोड म्हणतात. गंमत म्हणजे घसा आवळणं मदुरीतही आहे, पण तिथे ते सरळ व्यंजन म्हणून येतं. 'काना' म्हणजे मूल, त्याचा शेवट घसा बंद करून. मुलं म्हणायचं तर शेवटचंच अक्षर उचलून पुढे ठेवायचं : ना-काना. माणूस 'ओरेंग', माणसं 'रेंग-ओरेंग'. आपण 'घरोघर' म्हणतो तेव्हा सबंध शब्द पुन्हा आणतो. मदुरी शेपटी तेवढी उचलते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतोच. डॅनिश बोलणारे सुमारे 60 लाख. मदुरी बोलणारे 70 लाखांच्या वर, मदुरा बेटावर आणि पूर्व जावात मिळून. तरीही 1973 पासून डॅनिश युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, आणि मदुरीच्या वाट्याला शाळेत स्थानिक विषय म्हणून एखादा तास येतो. कचेरी, परीक्षा, वर्तमानपत्र सगळं इंडोनेशियनमध्ये. एकीच्या मागे राज्य उभं आहे, दुसरीच्या मागे नाही. व्याकरणाच्या श्रीमंतीशी याचा काडीचा संबंध नाही.

भाच्याला कळवा : डॅनिशचे वर्ग कोपनहेगनमध्ये गल्लोगल्ली मिळतील. मदुरी शिकायची तर विल्यम डेव्हिस यांचं 2010 साली आलेलं इंग्रजी व्याकरण आहे, पण ते अभ्यासकांसाठी लिहिलेलं. त्यापेक्षा त्या मुलाला घरी जेवायला बोलवावं, आणि सुरुवात वरच्या पायरीनं करावी. आदर चुकून जास्त झाला तरी कुणी रागावत नाही.