वादनापूर्वीची तजवीज

सातारा,
फाल्गुन वद्य सप्तमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तुम्ही मित्रांनी उभा केलेला वाद्यवृंद आता गावोगावच्या जत्रांतून वाजू लागला, चैत्रातील जत्रेची सुपारी तुम्हांस मिळाली आणि डोंगरावरील देवळाच्या पटांगणात भाड्याच्या जनरेटरवर कार्यक्रम करण्याचे ठरले, हे वाचून फार आनंद झाला. गायनवादनातले तुम्ही जाणते आहात. परंतु माझी सारी नोकरी विजेच्या खात्यात झाली असल्यामुळे, तुमच्या कामाच्या ज्या अंगाकडे श्रोत्यांचे लक्ष कधीच जात नाही आणि वादकांचेही क्वचितच जाते, त्याविषयी चार गोष्टी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. त्यांचे सार एवढेच की, वाद्यापर्यंत वीज कोणत्या मार्गाने येते आणि बिघाड झाल्यास ती कोणत्या मार्गाने परत जाते, याची खात्री करून घेतल्यावाचून तू कोणाही साथीदाराच्या हाती वाद्य देऊ नयेस.

रंगमंचावरील धोका घरातल्या धोक्याहून अधिक का, हे प्रथम ध्यानात घे. गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांखालील तारा अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात, आणि गाताना त्याचे ओठ ज्या मायक्रोफोनच्या जाळीला लागतात ती मिक्सरमार्फत बहुधा दुसऱ्याच बोर्डाशी जोडलेली असते. या दोहोंपैकी एकाच्या अर्थिंगमध्ये दोष असला, तर दोन बोर्डांमधला मार्ग त्या माणसाच्या हातातून, छातीतून आणि ओठांतून पूर्ण होतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गतप्राण झाला. तो तर छपराखालचा कार्यक्रम होता. तुम्हांस उघड्या पटांगणात, घामेजल्या हातांनी आणि वळवाची सर केव्हा येईल याचा नेम नसताना वाजवायचे आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, बोर्डावर फ्यूज अथवा एमसीबी असली म्हणजे माणूस सुरक्षित झाला. ही समजूत घातक आहे. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध अंदाजे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची गती विस्कटून टाकण्यास तो पुरेसा आहे, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र तो इतका क्षुल्लक आहे की ती जागची हलणारही नाही. एमसीबी तारेचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणाकरिता आरसीसीबी लागते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची ती क्षणोक्षणी रुजवात घेत असते, आणि त्यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडण्याच्या आत निमिषार्धात वीज तोडते. ज्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नाही, त्यावर तुमची एकही पिन लागता कामा नये. भाड्याच्या बोर्डाचा भरवसा धरण्यापेक्षा पहिल्या मिळकतीतून स्वतःचा बोर्ड बांधून घ्यावा, हे उत्तम.

आता अर्थिंगविषयी. स्पीकरमधून घुमघुम असा आवाज येऊ लागला की अर्थची जाड पिन तोडून टाकणारे, किंवा दोन पिनांचा टॉप लावून मोकळे होणारे महाभाग प्रत्येक मांडवात भेटतात, आणि आवाज खरोखरच थांबत असल्यामुळे हा उपाय त्यांस शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः घुमण्याचे कारण असे की, एकाच ध्वनीसाखळीतील उपकरणे दोन निरनिराळ्या ठिकाणी जमिनीशी जोडली जाऊन त्यांच्यामध्ये एक वलय तयार झालेले असते. ध्वनीची सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवली म्हणजे बहुतेक वेळा ते वलय नाहीसे होते. तरीही उरलेच, तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा, कारण तो केवळ ध्वनीच्या तारेचे वेष्टण तोडतो, विजेच्या अर्थिंगला स्पर्श करीत नाही. अर्थची पिन तोडणाऱ्यास, मग तो कितीही जुना जाणता असो, तुमच्या सामानास हात लावू देऊ नकोस.

जनरेटरची गोष्ट निराळी आहे आणि तीत पुष्कळ अनुभवी माणसेही फसतात. लहान जनरेटरचा न्यूट्रल कित्येकदा त्याच्या लोखंडी चौकटीशी जोडलेला नसतो. अशा स्थितीत बिघाडाच्या प्रवाहास परतीचा मार्गच मिळत नाही आणि उत्तम आरसीसीबीसुद्धा निरुपयोगी ठरते. म्हणून न्यूट्रल एकाच ठिकाणी चौकटीशी जोडून ती चौकट जमिनीत ठोकलेल्या सळईशी बांधण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे. डोंगरावरचा मुरूम चैत्रात कोरडा ठणठणीत असतो, तेव्हा मीठ घालून, भरपूर पाणी ओतून सळईभोवतालची जमीन ओली ठेवावी. इतके करूनही त्या सळईचा रोध २० ओहम राहिला, तर २३० व्होल्टने तिच्यातून साडेअकरा अँपिअरच प्रवाह जाईल आणि १६ अँपिअरची एमसीबी स्वस्थ बसेल. आरसीसीबीवाचून गत्यंतर नाही, हे यावरूनही तुझ्या ध्यानी येईल.

प्रत्यक्ष तपासणी कशी करावी, तेही सांगतो. एकही वाद्य लावण्यापूर्वी वायरमनने बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटात मल्टिमीटर लावून पाहावे: फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये फार तर दोनतीन व्होल्ट दिसले पाहिजेत. परंतु मल्टिमीटर नाममात्र प्रवाह घेत असल्यामुळे, जेमतेम एका काडीवर टिकलेली अर्थिंगही तो निर्दोष दाखवतो. याकरिता, कोणाचाही हात कोणत्याही धातूस लागलेला नाही असे पाहून, त्याने शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडावा. तत्क्षणी आरसीसीबी पडली, तर मार्ग अखंड आहे. दिवा लागून राहिला, तर आरसीसीबी नादुरुस्त आहे. दिवाही लागला नाही आणि आरसीसीबीही पडली नाही, तर अर्थिंग तुटलेली आहे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तिची यंत्रणा तेवढी कळते, अर्थिंगची अवस्था कळत नाही.

भाराचा हिशेब आधीच कागदावर मांडावा. पाच केव्हीएचा जनरेटर ०.८ शक्तिगुणकाने चार किलोवॅट देतो, आणि त्याच्यावर तीन किलोवॅटहून अधिक भार सतत ठेवू नये. हजार हजार वॅटचे तीनच दिवे लावले तरी ती मर्यादा संपते. थ्री फेजचा जनरेटर असेल, तर ध्वनीचे सर्व सामान एकाच फेजवर आणि दिवे इतर फेजवर ठेवावेत, कारण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा दाब असतो आणि तो दोन वादकांच्या मध्ये येऊ देणे म्हणजे अक्षम्य हयगय होय. न्यूट्रलची जोडणी ढिली राहिली, तर हाच दाब तुमच्या कीबोर्डवर येऊन पडेल. केबल २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. पन्नास मीटर अंतरावर १० अँपिअर नेताना तिच्यात सुमारे सात व्होल्ट खर्ची पडतात, एक चौरस मिलिमीटरच्या केबलीत अठरा. गुंडाळी पूर्ण उलगडावी, अन्यथा ती आतल्या आत तापून वितळते. जोडण्या जमिनीपासून उंच आणि झाकलेल्या असाव्यात, आणि पाऊस आला की कार्यक्रम विनाविलंब तहकूब करावा.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र तांत्रिक नसतो. जत्रा कमिटीची मंडळी तुला म्हणतील की खांब जवळच आहे, आकडा टाकून देतो, दरवर्षी असेच चालते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ अन्वये ती वीजचोरी आहे, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या आकड्याला ना आरसीसीबी असते ना अर्थिंग. म्हणून वीज कोठून मिळणार, बोर्ड कसा असणार आणि तपासणीस किती वेळ मिळणार, या अटी सुपारी घेतानाच लेखी करारात घाल, आणि विजेची मुखत्यारी तुमच्यापैकी एकाकडे दे. कार्यक्रम संपेपर्यंत त्याने मेन स्विचपाशीच बसावे. कोणी विजेला चिकटल्यास त्याला हात न लावता प्रथम मेन बंद करावा, आणि छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची क्रिया सर्वांनी आधीच शिकून घ्यावी.

अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर समोर कितीही गर्दी जमली असो, वाजवू नकोस. लोक रागावतील, पंच बोल लावतील, कदाचित इसाराही परत करावा लागेल. तो निमूटपणे करावा. तुझ्या शब्दाखातर हाती वाद्य घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना तू जबाबदार आहेस आणि ती जबाबदारी कोणत्याही कमिटीकडे सोपवता येत नाही. जत्रेच्या आठ दिवस आधी सर्व उपकरणांची वॅटसह यादी आणि बोर्डाची आकृती मला पाठव. मी ती तपासून उलट टपाली परत करीन.

कळावे.

तुझा,
मामा