दहा मिनिटांचा शोधनिबंध आणि आपली छाती-धडधड

परिषदांचा हंगाम आला की आपली मुले-मुली शोधनिबंध घेऊन निघतात. लोणी काळभोरच्या राजबागेत एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ उभे राहिल्यापासून या गावातही फाइल छातीशी धरून चाललेली पोरे दिसतात. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण झोप न लागणे, पोट बिघडणे, घसा बसणे, छाती धडधडणे या तक्रारी परिषदेच्या आदल्या आठवड्यातच निघतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ न केलेल्या तालमीत असते.

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. हृदय जोरात चालते, तोंड कोरडे पडते, श्वास वरच्यावर होतो. मग वाक्य पुरे व्हायच्या आत दम संपतो, बोलण्याचा वेग वाढतो, ऐकणाऱ्याला कळत नाही. ते चेहऱ्यावर दिसले की वक्ता तेच पुन्हा सांगू लागतो, आणि वेळ जातो ती इथे.

हिशेब साधा आहे. समजेल असे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द बोलतो. १० मिनिटे मिळाली असतील तर ८०० शब्दांचीच तयारी करावी. उरलेला वेळ स्लाइड बदलण्यात, माइक नीट करण्यात, श्वास घेण्यात जातो. मनात वाचून वेळ मोजू नये. मनातले वाचन नेहमी भराभर होते. उभे राहून, मोठ्याने, मोबाइलचे घड्याळ लावून बोलावे. घरात जागा नसेल तर गच्चीवर, नाहीतर विहारात दुपारच्या वेळी. समोर आई बसली तर उत्तम. तिला जे कळले नाही तिथे बहुधा वाक्यच अवघड असते.

आता काय ठेवायचे आणि काय गाळायचे. समजा, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांत काम करणाऱ्या बायांच्या पाठदुखीवर एका मुलीने अभ्यास केला आहे. ती आभार, प्रस्तावना, आधीच्या अभ्यासकांची नावे यांत सात मिनिटे घालवते. घंटा वाजते, अध्यक्ष ‘आवरा’ म्हणतात, आणि बायांची पाठ का दुखते हे सभागृहात कोणाला कळतच नाही. ज्या बायांनी तिला वेळ काढून माहिती दिली, त्यांचे म्हणणे राहून गेले. म्हणून मुख्य निष्कर्ष चौथ्या मिनिटाच्या आत सांगावा. कागदाच्या समासात ‘३’, ‘७’ असे मिनिटांचे आकडे लाल शाईने लिहावेत. सातव्या मिनिटाला मागे पडलो असू तर कोणता परिच्छेद सोडायचा, हे घरीच ठरवून जावे.

या बाबतीत बाबासाहेबांचा निबंध पुन्हा काढून पाहण्यासारखा आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढे मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. विषय केवढा अफाट! पण सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की वेळ मर्यादित आहे, म्हणून जातीचा उगम, रचना आणि प्रसार एवढ्यापुरतेच बोलेन, इतर गोष्टींना मुद्द्याच्या आधारापुरताच स्पर्श करीन. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर यांच्या व्याख्या ते घेतात, पण त्यांत रेंगाळत नाहीत. जातीतल्या जातीत लग्न या एका गाभ्याला हात घालतात. शेवटी सगळा निबंध चार मुद्द्यांत आणून ठेवतात. आपल्या पीएच.डी.च्या मुलांना आपला निबंध चार वाक्यांत सांगता येतो का, हे त्यांनीच पाहावे. येत नसेल तर स्लाइडी वाढवून उपयोग नाही.

एक गोष्ट काळजीची. भीती जावी म्हणून मित्राकडची प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेण्याची चाल मुलांत शिरते आहे. ही हृदयाची गती कमी करणारी गोळी आहे. दमा असणाऱ्याला तिने जीवघेणा झटका येऊ शकतो, रक्तदाब कमी असेल तर चक्कर येते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय तिला हात लावू नये. नाव पुकारण्याआधी खुर्चीत बसूनच चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असे पाच-सहा वेळा करावे. आनापानाची सवय असलेल्यांना हे शिकवावे लागत नाही. घसा सारखा खाकरू नये, त्याने स्वरयंत्राला इजा होते. त्यापेक्षा घोटभर पाणी प्यावे. रात्रभर जागून स्लाइडी सुधारणे आणि सकाळी उपाशीपोटी तीन चहा, या दोन्हींनी हात अधिक थरथरतात. भाकरी, पोहे, जे रोजचे तेच खावे.

पुण्याहून लोणीला येणाऱ्यांनी हडपसरची गर्दी हिशेबात धरून अर्धा तास आधीची बस पकडावी. पोहोचल्यावर आधी सभागृहात जाऊन आपली फाइल तिथल्या संगणकावर उघडते का ते पाहावे. मराठी अक्षरे दुसऱ्या संगणकावर मोडतात, म्हणून पीडीएफची प्रतही सोबत असावी.